गोठा लिहू नका

आमच्या पेण तालुक्यात गणपतीच्या कारखान्याला कारखानाच म्हणतात. मग तो सिमेंटच्या स्लॅबखाली असो, नाहीतर खांबांवर पत्रे टाकून उभा केलेला असो. मुंबईच्या माणसांना याचं हसू येतं. कारखाना म्हटलं की त्यांना चिमणी लागते, भोंगा लागतो. आमच्याकडे भोंगा नाही. आमच्या सासूबाईंचा आवाज आहे, तो पुरतो.

माझा कारखाना जोहे गावाच्या पुढे, रस्त्याला लागून. मागे भाताची खाचरं. सासऱ्यांनी तो सुरू केला, नवऱ्याने वाढवला, आणि नवरा गेल्यावर तो माझ्या गळ्यात पडला. लोकांना वाटलं, बाई आता पत्रे विकेल आणि माहेरी रोह्याला जाईल. मी कुठली जातेय! सासूबाई मूर्तींचे डोळे आखायच्या, मी साचे भरायची, आणि गावातल्या चार बायका हाताखाली. पुरुष एकही नाही. त्यामुळे भांडणं कमी आणि काम जास्त, असं मी म्हणते. पुरुष उलटं म्हणतात, म्हणोत.

वादळ येणार हे सरकारने सांगितलं नाही, असं मी म्हणणार नाही. खोटं कशाला बोला? चांगलं दोन दिवस आधी सांगितलं. मोबाईलवर मेसेज आले. रिक्षावर कर्णा लावून गावातून फिरवला. पत्र्यांवर वजन ठेवा, गुरं मोकळी सोडा, होड्या वर ओढून बांधा, कच्च्या घरातल्या माणसांनी शाळेत यावं. आता शाळेत कोण? कोरोनाचं पहिलं वर्ष ते. मुंबईहून आलेली माणसं चौदा दिवसांसाठी तिथे कोंडलेली. एका तोंडाने सांगायचं त्यांच्या जवळ जाऊ नका, दुसऱ्या तोंडाने सांगायचं शाळेत जा. कर्ण्यावर बोलणाऱ्या माणसाला मी विचारलं, "वादळानं मरायचं का खोकल्यानं, तेवढं सांग बाबा, म्हणजे तशी तयारी करते." तो हसला आणि रिक्षा पुढे नेली.

पण एक गोष्ट मला तेव्हाच टोचली. गुरांचं काय करायचं ते सांगितलं, होड्यांचं सांगितलं. मूर्तींचं काय करायचं, ते कुणी सांगितलं नाही. आमचा सगळा पट्टा गणपती करतो. जून महिना म्हणजे प्रत्येक कारखान्यात फळ्या भरलेल्या, पाय ठेवायला जागा नाही. आणि त्या यादीत आम्ही नाही. मग आम्हीच आमचं केलं. पत्र्यांवर वाळूच्या गोण्या चढवल्या, खांबांना दोर बांधले, मूर्तींवर प्लास्टिक टाकलं. सासूबाई खाली उभ्या राहून सांगत होत्या, गाठ अशी मार, तशी मार. त्यांचा मान राखायला मी प्रत्येक गाठ दोनदा मारली.

दुपारी ते आलं. वादळाबद्दल लोक फार रंगवून सांगतात, मला ते जमत नाही. आवाज एवढा होता की बाजूच्या माणसाचं बोलणं ऐकू येईना. आम्ही घरात दार लावून बसलो होतो आणि खिडकीच्या फटीतून मला कारखाना दिसत होता. आधी कोपऱ्यातला एक पत्रा उचलला गेला. त्याच्यावरची गोणी अशी घसरली, जसा काही तिच्यात कापूसच भरला होता. मग बाकीचे एकेक करून गेले. रस्त्याकडची भिंत बसली. आणि वरून पाऊस.

कच्च्या शाडूवर पाऊस पडला की काय होतं, ते ज्याने पाहिलंय त्यालाच ठाऊक. आधी सोंड गळते. मग कान. मग पोट पुढे येतं आणि सगळी मूर्ती खाली बसते. वर्षभराचं काम माझ्या डोळ्यांसमोर फळ्यांवरून ओघळून जमिनीवर आलं. मी रडले. धीट होते म्हणून सांगण्यात काय अर्थ? रडले, आणि रडता रडता वाऱ्याला शिव्याही घातल्या. सासूबाई म्हणाल्या, "त्याला ऐकू जात नाय गो. तोंड मिटून बस."

चूक झाली ती त्यानंतर. आणि ती वाऱ्याने केली नाही, सरकारने केली नाही. ती मी केली.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. भंगलेली मूर्ती कुणाच्या नजरेला पडू द्यायची नाही. डोळे आखेपर्यंत तो देव नसतो, माती असते, हे आम्हाला कळतं. पण रस्त्यावरून जाणाऱ्याने सोंड तुटलेला गणपती पाहिला की त्याला तो अपशकुन वाटतो, आणि मग तो त्या कारखान्याची पायरी पुन्हा चढत नाही. म्हणून मूर्ती भंगली की ती फडक्यात गुंडाळायची आणि मागच्या हौदात सोडायची. तिथे माती भिजते, ती काढून पुन्हा मळायची आणि पुन्हा साच्यात भरायची. एरवी वर्षातून दहा-पंधरा मूर्ती अशा जातात. त्या दिवशी सगळ्या गेल्या होत्या आणि रस्त्याकडची भिंतही नव्हती. सगळं उघड्यावर.

वारा पडल्या पडल्या मी चारही बायकांना हाक मारली. म्हटलं, आधी हे आवरा, घरं मग बघू. त्यांचीही कौलं उडाली होती, तरी आल्या. त्यांच्यातली रंगकाम करणारी माझी शेजारीण आहे, तिच्याकडे चांगला फोन. तिने फोन वर धरला आणि म्हणाली, "काकी, दोन फोटू काढून ठेवते."

मी म्हटलं, "फोन खाली ठेव, नायतर हात मोडीन. भंगलेल्या देवाचा फोटू काढतेस व्हय?"

तिने बिचारीने फोन कमरेला खोचला. अंधार पडायच्या आत आम्ही शेवटचा तुकडा हौदात सोडला. तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण माझ्या अंगात स्वच्छतेचं वारं शिरलेलं. दुसऱ्या दिवशी फळ्या घासून धुतल्या. जमीन सारवली. पडलेल्या भिंतीच्या विटा एका बाजूला रचल्या. तिसऱ्या दिवशी कारखान्यात लग्नाचा मांडव घालावा, असं सगळं लखलखीत. फक्त वर छप्पर नाही.

चौथ्या दिवशी पंचनाम्याला माणूस आला. आमच्याकडचे नेहमीचे तलाठी नव्हते. माणसं कमी पडली म्हणून दुसऱ्या तालुक्यातून ड्यूटीवर पाठवलेले. भाऊसाहेबच म्हणायचं आपण. तोंडाला मास्क, कागद प्लास्टिकच्या पिशवीत, पायात गुडघ्यापर्यंत चिखल. दमलेला माणूस होता. मी आधी पाणी दिलं, मग कारखाना दाखवला.

"काय होतं इथे?" त्यांनी विचारलं.

"गणपतीचा कारखाना."

त्यांनी खांब पाहिले, वर आकाश पाहिलं, खाली सारवलेली जमीन पाहिली, भिंतीला टेकवलेल्या धुतलेल्या फळ्या पाहिल्या. "मूर्ती कुठे आहेत?"

"हौदात."

"हौदात कशा गेल्या?"

"आम्ही टाकल्या. भंगल्या म्हणून."

त्यांचं पेन थांबलं. "म्हणजे मूर्ती तुम्ही पाण्यात टाकल्या. वादळाने नाही."

ते हौदापाशी गेले आणि वाकून बघू लागले. वर राखाडी पाणी, त्यावर दोन पानं. "मला चिखल दिसतोय बाई," ते म्हणाले. "मी दिसेल ते लिहितो. तुमच्यावर विश्वास नाही असं नाही. उद्या मलाही कुणीतरी विचारणार आहे."

मग त्यांनी मला तो कागद दाखवला. पक्कं घर, कच्चं घर, झोपडी, गोठा, फळझाडं. असे रकाने. कारखाना कुठे नव्हताच. मी म्हटलं, एक रकाना वाढवा. ते म्हणाले, छापील आहे. मग ते आवाज खाली आणून म्हणाले, "खांब आहेत, वर पत्रे होते, भिंती अर्ध्या. गोठ्यात बसतं हे. गोठा लिहितो. पत्र्यांपुरती तरी मदत येईल. नाहीतर तुमच्या नावापुढे काहीच राहणार नाही."

"माझ्याकडं गुरं नायत."

"गुरं कोण बघायला येतंय?"

माणूस चांगला होता, हे मी आजही सांगेन. माझं भलं व्हावं म्हणूनच बोलत होता. आणि म्हणूनच माझं डोकं फिरलं. शिवी देणाऱ्याला उलट शिवी देता येते. भलं करणाऱ्याला काय देणार? ज्या जागेत सासऱ्यांची कंबर गेली, नवऱ्याचा जन्म गेला, आणि मी साचे भरून भरून बोटांची सालं काढली, तिला मी माझ्या तोंडाने गोठा म्हणू? आणि नुसता मानाचाही प्रश्न नव्हता. कागदावर एकदा गोठा झाला की वीज मागायला जा, बँकेत जा, कुठल्या प्रदर्शनात जागा मागायला जा, तो कागद पुढे येणार. गोठ्याला धंद्याची वीज कशाला, विचारणार. सरकारी कागदावर कारखाना वाहून गेला की तो परत उभा करायला मला दुसरा जन्म लागला असता.

"गोठा लिहू नका," मी म्हटलं.

"परवा या बाजूला पुन्हा येतोय, राहिलेली घरं करायला," ते म्हणाले. "तोवर विचार करा. परवानंतर यादी बंद."

गावात ही बातमी वाऱ्याच्या वेगाने पसरली. वीज नव्हती, फोन लागत नव्हते, पण बातमीला कशाची रेंज लागते? पाण्याला गेले तर एक जण म्हणाली, "गोठा लिव्हला असता तर काय शिंगं फुटली असती काय गो तुला?" सगळ्या हसल्या. मीही हसले. घरी येऊन कळशी आपटली.

त्याच दिवशी माझा धाकटा भाऊ रोह्याहून मोटरसायकलवर आला. रस्त्यात झाडं पडलेली, काही ठिकाणी गाडी उचलून पलीकडे न्यावी लागली म्हणाला. बरोबर एक मोठी ताडपत्री आणि दोराचं भेंडोळं. माझा कारखाना मागूनपुढून फिरून पाहिला. मग म्हणाला, "ताई, चल घरी. दोन दिवस तरी." सासूबाईही म्हणाल्या, जा. मी गेले.

रोह्यात त्याच्या घराचीही कौलं उडाली होती, पण त्याचा पंचनामा झाला होता. तोच मला कौतुकाने सांगत होता. माणसं आली, मोजलं, लिहिलं, गेली. चहाही घेतला नाही. "मागची लाकडं ठेवायची पडवी पण गोठा म्हणून लावून घेतली," तो म्हणाला. "तू उगाच अडून बसलीस."

मी विचारलं, "तुझ्या गोठ्यात बांधायला कोण हाय रे? तू?"

त्याची बायको तोंडाला पदर लावून हसली. तो चिडला. मला कळत होतं, तो चिडला होता काळजीने. तो कंपनीत कामाला आहे. पॅकिंगला बायका हव्या होत्या, आणि त्याने माझ्यासाठी शब्द टाकला होता. तो म्हणाला, "शिफ्ट आठ तासांची, न्यायला बस येते, डोक्यावर स्लॅब. कितीही वादळं येवोत, पगार भिजत नाय. तुझ्या सासूलाही इकडं आण, मी नाय म्हणणार नाय. पण आता पुरे कर."

खरं सांगते, माझं मन वळलं होतं. त्या रात्री मी पाच दिवसांनंतर पहिल्यांदा गाढ झोपले. वर बघितलं की छप्पर दिसत होतं. सकाळी उठले तेव्हा मला वाटलं, काय वाईट आहे? माणसाने किती वर्षं हट्ट करायचा? पत्रे येतील, ते पुन्हा उडतील. गणपती काय, मी नाही केले म्हणून कुणाच्या घरी यायचे राहणार आहेत का?

कामावर माणसं लावणारा गृहस्थ भावाच्या गल्लीतच राहायचा. आम्ही त्याच्या ओट्यावर गेलो. त्याच्याकडे एक अर्ज होता. नाव, गाव, वय त्याने विचारून लिहिलं. मग विचारलं, "आधी कुठे काम केलंय?"

मी म्हटलं, "गणपती करते. वीस वर्षं. साचे भरते, जोडकाम करते, फिनिशिंग करते. चार बायका हाताखाली हायत."

त्याने मान हलवली आणि लिहिलं. उलटा कागद वाचायची मला सवय आहे, गिऱ्हाइकांच्या याद्या वाचून वाचून झालेली. त्याने लिहिलं होतं, अनुभव: काही नाही.

तो काही वाईट वागला नाही. त्याच्याही कागदावर माझ्यासाठी रकाना नव्हता, एवढंच. पण माझ्या डोक्यात जे काही चार दिवस उकळत होतं ते तिथे उतू गेलं. एकाच्या कागदावर माझा कारखाना गोठा, दुसऱ्याच्या कागदावर माझी वीस वर्षं काही नाही. मी उठले. तो म्हणाला, "सोमवारी या." मी म्हटलं, "सोमवारी मला काम हाय."

गल्लीत आल्यावर भाऊ म्हणाला, "काय काम हाय तुला सोमवारी? आकाशाखाली बसायचं?"

"मला पेणला सोड. उद्या सकाळी भाऊसाहेब यायचाय."

"आणि त्याला काय दाखवणार हायेस? सारवलेली जमीन?"

मी गाडीवर मागे बसले. वाटेत तो चहाला थांबला, मी गाडीपाशीच उभी राहिले. मला घराशी सोडलं, सासूबाईंच्या पाया पडला आणि गाडी वळवून निघून गेला. ताडपत्री मात्र ठेवून गेला.

दुसऱ्या दिवशी भाऊसाहेब सकाळीच आले. मी चारही बायकांना बोलावून ठेवलं होतं. का, ते मलाही नीट माहीत नव्हतं. निदान माझ्या बाजूने माणसं उभी दिसावीत म्हणून. ते म्हणाले, "काय ठरलं? गोठा लिहू ना?"

"कारखाना लिहा. या चौघी सांगतील, इथं काय व्हतं ते."

"त्या तुमच्याकडे कामाला आहेत बाई. त्या तुमच्या बाजूनेच बोलणार. मला काहीतरी दिसायला हवं. एक तुकडा तरी." पुन्हा ते हौदापाशी गेले, पुन्हा वाकले. "हा चिखल मी काय म्हणून लिहू?"

मी वाद घालत होते. नियम काय, न्याय काय, मोठमोठ्याने. माझा आवाज चढत होता आणि त्यांचा उतरत होता. तेवढ्यात मागे पाणी डचमळल्याचा आवाज आला. वळून बघते तर सासूबाई लुगडं खोचून हौदात उतरलेल्या. मांडीपर्यंत गाळात.

"आई, काय करताय?"

त्या म्हणाल्या, "सुकलेलं सगळं विरघळलं असंल. पण वादळाच्या आदल्या दोन दिवसांत साच्यातून काढलेलं ओलं व्हतं. ओल्या मातीला पाणी लवकर फोडत नाय. आपण फडक्यात बांधून टाकलं ना? तळाशी असंल."

वीस वर्षं मी हे काम करते. कडक सुकलेली माती पाण्यात टाकली की तासाभरात तिचा गाळ होतो आणि ओलसर माती तशीच दगडासारखी पडून राहते, हे मला ठाऊक नव्हतं का? रोज त्याच्यावरून बायकांना ओरडायचे मी, की ओले तुकडे हौदात टाकू नका, मळताना गाठी येतात. पण तीन दिवस संतापात मला ते सुचलं नाही. आणि सुचलं असतं तरी मी केलं नसतं. रीत होती ना. ती रीत मला याच बाईंनी शिकवली होती. लग्न होऊन आले त्या वर्षी तुटलेली मूर्ती ओट्यावर विसरले म्हणून त्यांनी मला दोन दिवस बोल लावले होते.

मी म्हटलं, "आई, भंगलेलं बाहेर काढायचं? रस्त्यावर माणसं हायत."

त्यांनी हात गाळात घातला होता. मान वर न करताच बोलल्या. "डोळं कोण आखतं? मी आखते. यांचं डोळं मी आखलं नाय. तवर देव नाय तो. आपलं काम हाय ते. कामाची कसली लाज गो? उतर खाली."

मी उतरले. मग बाकीच्याही उतरल्या. फडकी हाताला लागली, एकेक वर काढली. सोडली तर आत एक अख्खा तळहात, त्यावर मोदक. एक पोट, त्यावर नागाचा पट्टा. एक अर्धं तोंड, सोंडेशिवाय. पाट आणि पाटाला चिकटलेला पूर्ण उंदीर. मी धुतलेल्या फळ्या रस्त्याकडे तोंड करून आडव्या मांडल्या आणि त्यावर एकेक तुकडा ठेवत गेले. सगळ्या जगासमोर. रस्त्यावरची माणसं थांबली. दोघांनी हात जोडले, एकाने तोंड फिरवलं. माझ्या अंगावर काटा येत होता आणि तरी मी ठेवत होते. शेजारणीने फोन बंद ठेवून बॅटरी राखली होती, तिला म्हटलं, "काढ फोटू."

तिने विचारलं, "हात मोडणार नाय ना काकी?"

"काढ म्हटलं ना."

भाऊसाहेबांनी पिशवीतून कागद काढला. मग म्हणाले, पंच लागतील, सही करायला. रस्त्यावर थांबलेल्यांपैकी एक गावपुढारी लगेच पुढे झाला, खिशातलं पेन काढत. मी म्हटलं, तुम्ही राहू दे. ज्यांनी हे केलं त्या सही करतील. भाऊसाहेबांनी चौघींकडे पाहिलं. एक जण फळीपाशी गेली आणि तो मोदकाचा हात उचलून म्हणाली, "ह्यो माझा. माझ्या बोटाची रेघ हाय बघा आत." दुसरीने उंदीर ओळखला. तिसरी म्हणाली, पट्टा मी बसवलाय, मला नागाचा फणा जमत नाय, तो वाकडाच हाय. ते खरंच वाकडा फणा वाकून बघायला लागले.

मग ते उलट्या ठेवलेल्या घमेल्यावर बसले, कागद मांडीवर घेतला आणि छापील गोठा या शब्दावर आडवी रेघ मारली. त्याच्या वर हाताने लिहिलं, गणेशमूर्तींचा कारखाना. रेघेशेजारी आपली छोटी सही केली. सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. छप्पर, भिंत, कच्चा माल, तयार माल. तयार माल हा शब्द मी त्यांना पुन्हा एकदा वाचायला लावला. चौघींनी सह्या केल्या. निघताना ते म्हणाले, "वर कुणी फेटाळलं तर माझ्या हातात नाही." मी म्हटलं, फेटाळू दे, मी इथंच हाय.

ते गेल्यावर आम्ही सगळे तुकडे पुन्हा हौदात सोडले. या वेळी फडकं काढून, फोडून.

वीज यायला कितीतरी दिवस लागले. सरकारी पत्रे त्याहून कितीतरी लांब. पण ताडपत्री होती. उडालेले पत्रे खाचरांतून शोधून आणले, वाकलेले दगडाने ठोकून सरळ केले. भाऊ सुट्टीच्या दिवशी आला आणि एक शब्द न बोलता ते चढवून गेला. जेवताना दोनदा भात मागून घेतला. उजाडल्यापासून मावळेपर्यंत आम्ही साचे भरले. त्या वर्षी लहान मूर्तींचीच मागणी होती, घरोघरी छोटाच गणपती बसणार होता. तेवढ्या आमच्याने झाल्या. सगळ्या नाही, पण नाव राखण्यापुरत्या झाल्या. सासूबाईंनी एकेकीचे डोळे आखले.

विसर्जन होऊन गेलं, भातं पिवळी पडायला लागली, तेव्हा एक दिवस दुसरा साहेब आला. हातात फाईल. मदत मंजूर करायच्या आधीची पडताळणी. गेटातून आत आला, वरचे ठोकलेले पत्रे पाहिले, नवी भिंत पाहिली, पुढच्या वर्षाच्या मूर्तींनी भरायला लागलेल्या फळ्या पाहिल्या.

"नुकसान झालेला कारखाना कुठला?"

"हाच."

"हा तर चालू आहे." फाईलमध्ये त्याने पुन्हा एकदा पाहिलं. "चालू असेल तर मी नुकसान काय दाखवू?"

माझे हात मातीने भरलेले होते. ते मी पदराला पुसले नाहीत, तशीच त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, "साहेब, तुमची वाट बघत पडून राहिले असते तर नुकसान चांगलं दिसलं असतं. पण मग सही करायला मी तुम्हाला इथं सापडले नसते. कुठं करायची सही, ते दाखवा."

मग त्याने फाईल उघडली आणि कागदाच्या तळाशी बोट ठेवलं. तिथे छापलेलं होतं, मालक. तिथे केली.